पॉइंटला लागलेली हळद

तुम्ही कधी लग्नपत्रिकेने बोटीचं इंजिन बंद पडलेलं पाहिलंय? मी पाहिलंय.

नाशिकला आमचं छोटं गॅरेज आहे. धरणांवर मासे धरणाऱ्यांच्या बोटींना मागे लावायची लहान, जुनी इंजिनं आमच्याकडे येतात. माझे मिस्टर ती दुरुस्त करतात. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. मी सामान काढून देते, टॉर्च धरते. काढलेले जुने पॉइंट मी बिस्किटाच्या डब्यात टाकते. डबा भरत आलाय, आणि प्रत्येक पॉइंटमागे कुणीतरी माणूस आहे.

पॉइंट म्हणजे इंजिनाच्या चाकाखालचे, एकमेकांना टेकणारे धातूचे दोन बारीक ठिपके. ते उघडले की प्लगला ठिणगी मिळते. किती उघडायचे, तो गॅप. तो मोजायची पोलादी पात्यांची जुडी, फिलर गेज, कायम अण्णांच्या खिशात.

पण दिवाळीपासून त्यांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू वाढलाय. ऑपरेशन करून घ्या म्हटलं की एकच उत्तर. "मी बसलो तर गॅप कोण लावणार?"

* * *

कळवणचे नानाभाऊ आले. त्यांच्या पॉइंटना उघडणारी टाच झिजून गॅप पार बारीक झाला होता. इंजिन सुरू करायची दोरी ओढून ओढून खांदा धरलेला. काय त्रास आहे, अण्णांनी विचारलं.

"इंजिन चालू व्हत नही, मीच तापी जास." म्हणजे इंजिन थंडच, तापायचे ते नानाभाऊच.

अण्णांनी गॅप लावला. पाण्याच्या पिंपात इंजिन उतरवलं, दुसऱ्या ओढीला सुरू. नानाभाऊंना आनंद व्हायचा सोडून रागच आला. एवढे दिवस याचं माझ्याशीच वैर होतं का, म्हणाले.

* * *

घोटीकडचे तुकारामभाऊ उलटे. गॅप वाढवला की ताकद वाढते, असं त्यांना कुणी सांगितलं. त्यांनी दिला वाढवून. आता इंजिन हळू ठेवलं तर चाले, वेग दिला की ठसकायचं, आणि सुरू करताना दोरी उलटी हिसकायचं.

अण्णा म्हणाले, "दार उघडायला सांगितलं, तुम्ही चौकटच काढली."

मग समजावलं, की गेज नसेल तर लग्नपत्रिकेच्या कागदाएवढी फट ठेवा, तेवढ्यावर घरी पोचाल.

* * *

महिन्याभरात तुकारामभाऊ पुन्हा हजर. इंजिन अजिबात बोलेना. मी बरोबर पत्रिकाच घातली, असं शपथेवर सांगत होते. अण्णांना काही दिसेना. मी टॉर्च मारून वाकून पाहिलं, तर पॉइंटवर पिवळा थर.

घरात मुलीचं लग्न. भाऊंनी तिचीच पत्रिका घेतली होती, आणि नेमका हळदीकुंकू लावलेला कोपरा आत घातला होता!

"इंजिनाला हळद लागली," अण्णा म्हणाले. "आता हे बोहल्यावरच चढणार, पाण्यात कशाला जाईल?"

मी कोऱ्या कागदाने पॉइंट पुसले. इंजिन लागलं. लग्नाला आम्ही दोघं गेलो, तर तुकारामभाऊंनी पाहुण्यांत ओळख करून दिली, "हळद उतरवणाऱ्या वहिनी."

* * *

तेव्हापासून अण्णा मला रोज काहीतरी करायला लावत. आधी पाती पुसून दे. मग पातं घालून बघ, कसं सरकतंय. कसं सरकायला हवं ते मला सांगता येईना. शेवटी म्हटलं, मापाची बांगडी भरताना हाताला लागते ना, तसं. अडकायला नको, घरंगळायला नको.

ते कितीतरी वेळ हसले. "एवढी वर्षं मला हे शब्दांत सांगता आलं नव्हतं."

पण गिऱ्हाईक आलं की गेज परत त्यांच्या खिशात.

* * *

परवा तुकारामभाऊ नवे पॉइंट बसवायला आले. अण्णांनी गॅप लावला. इंजिन पिंपात ठसकलं. पुन्हा लावला, पुन्हा ठसकलं. तिसऱ्यांदा पातं पॉइंटच्या शेजारीच घालत होते, ते मला दिसलं. भाऊंनाही दिसलं असावं. ते उगाच बाहेर रस्त्याकडे बघत बसले.

अण्णांनी गेज पुसलं आणि भाऊंच्यादेखत माझ्यापुढे धरलं.

"बांगडी भर."

मी गेज घेतलं. पातं घातलं, स्क्रू आवळला, पुन्हा पातं फिरवून पाहिलं. भाऊंनी दोरी ओढली. पहिल्याच ओढीला इंजिन लागलं, आणि वेग दिला तरी ठसकलं नाही.

"अण्णा, तुमचा हात लय भारी हाय अजून," तुकारामभाऊ म्हणाले.

"माझा नाय," अण्णा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गॅरेज मी उघडलं. अण्णा डोळ्यांच्या दवाखान्यात नंबर लावायला गेले होते.