कानमास्तर आणि एक ढिला बोल्ट

कानमास्तर माणसाला आधी नमस्कार करत नसत, त्याच्या गाडीला करत. बॉनेटवर तळहात ठेवायचा, डोळे मिटायचे, आणि मग मालकाकडे वळून डॉक्टरासारखं विचारायचं, "कवयपासून दुखी ऱ्हायनं?" म्हणजे, कधीपासून दुखतंय? मास्तर शहाद्याच्या स्टँडवर चहा पीत बसले की लोणखेड्याहून निघालेल्या गाडीचा कितवा प्लग मेलाय ते सांगतात, अशी एक थाप तेव्हा फिरत होती. ती मीच मारली होती, त्यांची टिंगल व्हावी म्हणून. कुणी विश्वास ठेवला नाही. पण बघू तरी म्हणून सगळे गेले, आणि गाड्या तिथेच ठेवून आले.

माझं गॅरेज लोणखेडा रस्त्यावर. शहादा तालुक्यात इंजिन उघडायचं तर सुकलालनेच, असं सगळे म्हणत. सगळे म्हणजे मी आणि माझी बायको. मास्तर सुरतहून आले, रस्त्यापलीकडे पत्र्याची शेड घातली, आणि सहा महिन्यांत तसं म्हणणारा मी एकटाच उरलो. बायको भाकरी वाढता वाढता सांगू लागली की मास्तर कुणावर ओरडत नाहीत, मास्तरांचे कपडे कसे स्वच्छ असतात. भाकरी माझी, तव्यावर मात्र मास्तर.

कांतीशेठची जुनी पेट्रोल जीप माझ्या गॅरेजचा मानाचा तुरा होती. इंजिनात जादा हवा कोंबणारा, भंगारातून आणलेला जपानी टर्बो मी तिला बसवला होता. ती अशी पळायची की तिची सावली पुढच्या गावात तिला गाठायची. फक्त दोन वर्षांत तिने दोनदा पिस्टन खाल्ले. मी शेठना समजावलं की ताकदवान गाडीला भूक जास्तच असते. मास्तरांनी कान लावला आणि एकच शब्द काढला: ठोका. पेट्रोल नको तेव्हा भडकतं आणि वर येणाऱ्या पिस्टनच्या थोबाडीत बसते. नव्या गाड्यांना तो ठोका टिपणारा सेन्सर असतो. तो कंप्युटरला चुगली करतो, कंप्युटर ठिणगी जरा उशिरा टाकतो आणि इंजिन वाचतं. शेठच्या जीपला ना कान होता ना डोकं. मास्तरांनी दोन्ही बसवली, आणि माझी जीप त्यांची झाली.

त्यांची पद्धत बघण्यासारखी होती. मी रस्त्यापलीकडून रोज चोरून बघायचो. तांब्याची नळी एका टोकाला चेपून इंजिनाला बोल्टने आवळायची, दुसऱ्या टोकाला रबरी पाइप, आणि पाइपाला डॉक्टरी स्टेथोस्कोप. तो कानात, लॅपटॉप मांडीवर. गाडी चढावर पळवायची, कानात काय वाजलं आणि पडद्यावर काय उमटलं ते जुळवत बसायचं. मी एकदा कुत्सितपणे म्हणालो की एवढा कंप्युटर आहे तर कान कशाला? ते शांतपणे म्हणाले, "येले बी शिकाडनं पडस, भाऊ. खरा ठोका कोनता, नुसता खडखडाट कोनता." एखादी सैल पट्टी इंजिनाजवळ वाजली, तरी कंप्युटर घाबरून ठिणगी मागे घेतो आणि गाडीचा जीव जातो, हेही त्यांनीच मला सांगितलं. पुढे मी जे केलं त्याचं शिक्षण मला असं फुकटात मिळालं.

होळीला घरच्या सगळ्यांना घेऊन, धडगावचा घाट तिसऱ्या गिअरमध्ये चढून काठी गावाला, उंच बांबू उभारून पेटवतात ती आदिवासींची होळी बघायला जाणार, असं शेठनी बाजारभर सांगून ठेवलं होतं. जीप चढली असती तर तालुक्यात माझं नाव घेणारं कुणी राहिलं नसतं. निघायच्या आदल्या सकाळी मास्तरांनी मला शेडमध्ये बोलावलं, हातात पाना दिला, सेन्सरजवळची वायर धरणारी लोखंडी पट्टी दाखवली आणि म्हणाले, "तू आवळ, सुकलाल. तुन्हा हात पक्का शे." एवढं बोलून ते हात धुवायला गेले. मी बोल्ट आवळला, आणि मग दीड फेरा उलटा फिरवला. इंजिनाला काही होणार नव्हतं. जे व्हायचं ते मास्तरांच्या नावाला.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम जीपमध्ये बसलो. मास्तर लॅपटॉप घेऊन शेठच्या घरच्यांबरोबर मागे होते. घाटाच्या तिसऱ्या वळणावर पट्टी वाजू लागली, कंप्युटर भ्यायला आणि जीप मेल्यासारखी झाली. टपावर माणसं बसलेल्या वडाप जीपा आम्हाला मागे टाकून गेल्या. डोक्यावर मोळी घेतलेली एक म्हातारी पुढे गेली आणि वरच्या वळणावर आमची वाट बघत थांबली. शेठ चिडून म्हणाले, "मास्तर, तुमना कंप्युटर झोपी गया का?" आणि माझ्याकडे वळले. "सुकलाल, तू देख रे भो."

हे वाक्य ऐकायला मी वर्षभर तळमळत होतो.

मास्तरांनी गाडी बाजूला घ्यायला लावली. तांब्याची नळी अजून इंजिनाला होती. त्यांनी उभ्या गाडीची रेस वाढवून ऐकलं, मग स्टेथोस्कोप काढून माझ्या कानात घातला. ठोका डब्यात गोट्या हलवल्यासारखा वाजतो. हे देवळातल्या घंटीसारखं टणटणत होतं. शेंबड्या पोरालाही कळलं असतं. मास्तर माझ्या तोंडाकडे बघत होते. मी नळीकडे बघत होतो. मग ते शेठना म्हणाले, "मन्ही चूक शे, शेठ. पट्टी आवळानी ऱ्हायी गयी." आणि माझ्या हातात पाना ठेवला.

मी आवळली. जीप अशी उधळली की आम्ही काठीला पोचलो तेव्हा होळीचा उंच बांबू उभाही राहिला नव्हता. वाटेत शेठ माझ्या पाठीवर थापा मारत होते, शेवटी आपला माणूस तो आपला माणूस म्हणत होते. मास्तर मागच्या सीटवर लॅपटॉप मिटून बसले होते.

गेल्या दिवाळीनंतर मास्तर मुलीकडे सुरतला कायमचे गेले. त्यांना सोडायला मी स्टँडवर गेलो. गाडी लागली, तेव्हा मी त्या बोल्टचा विषय काढलाच. त्यांनी वाक्य पुरं होऊ दिलं नाही.

"माले म्हाईत शे. तुन्हा हात बोल्ट ढिला सोडत नही."

एवढंच बोलून ते खिडकीजवळ जाऊन बसले. बोल्ट चुकून ढिला राहिला असेल, हे त्यांनी मुळी धरलंच नव्हतं, कारण माझा हात त्यांना माझ्यापेक्षा चांगला ठाऊक होता.

परत येताना मी थेट शेठच्या दुकानात शिरलो आणि सगळं सांगून टाकलं: पाना, दीड फेरा, घंटी. शेठ पोट धरून हसले आणि म्हणाले, "ह्या थापा दुसराले सांग, सुकलाल." घरी बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली की बिचारे मास्तर गेले, आता तरी त्यांच्यावरून गोष्टी रचू नका. गिऱ्हाइकं अजून येतात आणि कौतुकाने विचारतात, घाटात शेठची जीप चढवली ते तुम्हीच ना?

आयुष्यभर मी रोज एक थाप मारली, एकही चालली नाही. त्या सरळ माणसाने एकदाच मारली, भर घाटात, माझ्यासाठी, आणि ती अख्ख्या तालुक्यात अजून चालतेय. जळू नको तर काय करू?