माघारीचं कलम

आम्ही अल्पप्रतिनिधित्व असलेले आहोत हे मला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षानंतरच्या सुट्टीत कळलं. तोपर्यंत मी स्वतःला गोव्यातल्या डिचोलीचा समजत होतो. शहरातल्या एका संशोधन संस्थेने हृदयसंशोधनाच्या उन्हाळी प्रशिक्षणासाठी, जिथून कोणी सहसा संशोधनाकडे फिरकत नाही अशा तालुक्यांतून मुलं निवडली होती. कॉलेजच्या फलकावर माझं नाव लागलं तेव्हा शिपायाने माझा हात हातात घेऊन सांत्वन केल्यासारखा दाबला.

उद्घाटनाला व्यासपीठावर माणसाएवढं थर्माकोलचं हृदय होतं. दिवाळीत नरकासुराचे पुतळे करणाऱ्या मुलांकडून ते करून घेतलं होतं आणि त्यांनी आपला हात आखडता घेतला नव्हता. मिशा तेवढ्या नव्हत्या. प्रमुख पाहुण्यांनी कळ दाबली की ते धडधडणार होतं. कळ दाबल्यावर सभागृहाचे दिवे गेले. काळोखातच पाहुण्यांनी हृदय हा शरीराचा फार महत्त्वाचा अवयव आहे असं सांगितलं आणि आम्ही टाळ्या वाजवल्या.

प्रशिक्षणाचे संचालक बरीच वर्षं परदेशात राहून आलेले, सज्जन, घाईतले डॉक्टर होते. त्यांनी आमच्या जोड्या लावल्या. प्रत्येक जोडीने एका गावातला एक वाडा, म्हणजे एक वस्ती, घ्यायची, लोकांची लेखी संमती घ्यायची आणि त्यांचे कार्डिओग्राम काढायचे. ज्याचं काम संस्थेची नीतिसमिती ग्राह्य धरील अशा एका विद्यार्थ्याला पुढचं वर्षभर प्रयोगशाळेत जागा मिळणार होती.

माझी जोडीदार पेडण्याची होती. तिला ती जागा हवी होती, आणि नुसती हवी नव्हती. वडील खनिजाच्या ट्रकवर ड्रायव्हर. त्यांनी सरळ सांगितलं होतं की उन्हाळ्यात काही ठरलं तर शिक, नाही तर जूनपासून म्हापशाला मामाच्या फार्मसीत बसायचं. मामाने तिच्यासाठी स्टूलही आणून ठेवलं होतं. मला जागा मिळाली काय, न मिळाली काय, आमच्या घरी कोणाच्या लक्षात आलं नसतं. तेव्हा काम तिचं आणि पेटी उचलणारा मी, अशी वाटणी आपोआप झाली.

आमच्या वाट्याला सर्वण गावाच्या पलीकडचा एक वाडा आला. पहिल्याच घरी सोप्यावर बसलेल्या आजोबांनी आमचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. चहा आला. मग त्यांनी विचारलं, "देवाक विचारलां?"

"काय विचारायचं?" मी म्हणालो.

"हेंच. वायरी लावच्यो काय ना तें."

आमच्या भागात घर बांधायचं, विहीर खणायची, मुलीचं लग्न ठरवायचं तर देवाचा प्रसाद घेतात. पुजारी ओल्या पाकळ्या मूर्तीला चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, आणि उजवी पाकळी पडली तर हो, डावी पडली तर नाही. वाड्याने एकमुखाने सांगितलं की देव हो म्हणाला तर सगळे येतील, नाही तर कोणी नाही.

प्रसादाच्या दिवशी आम्ही देवळात हजर झालो. इथे जोडीदाराने जी चूक केली ती अर्धी संस्थेची होती. आम्हाला प्रशिक्षणात बजावलं होतं की संमतिपत्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचून दाखवायचं, एकही कलम गाळायचं नाही. ती आमच्याच भागात वाढलेली, देवासमोर उभं राहायची सवय असलेली. तिने हात जोडले, पदर नव्हता म्हणून ओढणी डोक्यावर घेतली, आणि संमतिपत्र देवाला वाचून दाखवलं. उद्देश, पद्धत, संभाव्य धोके, गोपनीयता, माहितीची साठवण, सगळं. पुजारी मधेच एकदा बसला. वाचन संपता संपता डावी पाकळी पडली.

"जालें," कोणीतरी म्हणालं.

आजोबा मात्र तिच्यावरच चिडले. "गे बाय, देवा मुखार इतकें सगळें एकाच दमान विचारतात? तो खंयच्या प्रस्नाक ना म्हणता तें आमकां कशें कळटलें?"

मुद्दा बिनतोड होता. पण त्या दिवशी परत विचारता येत नव्हतं. पुढच्या प्रसादापर्यंत थांबणं आलं.

मधल्या काळात संचालकांचा फोन आला. काम का अडलंय? जोडीदाराने खरं तेच सांगितलं. गावातल्या वरिष्ठांची परवानगी अजून यायची आहे.

"म्हणजे गावाचं सल्लागार मंडळ आहे?" संचालक हरखले. परदेशात असल्या मंडळांना फार मान असतो म्हणे. "उत्तम! अध्यक्षांना समारोपाला बोलवा."

"ते गाव सोडून जात नाहीत, सर."

"वयामुळे?"

"वय बरंच आहे."

"गाडी पाठवू," संचालक म्हणाले, आणि फोन ठेवला.

पुढच्या खेपेला आम्ही एकेक कलम वेगळं विचारलं. देव समंजस निघाला. कार्डिओग्रामला हो. गोपनीयतेला हो. माहिती संगणकात ठेवायला हो. 'सहभागी व्यक्ती कोणतंही कारण न देता कधीही माघार घेऊ शकते' या कलमाला मात्र डावी पाकळी, तीही तडकाफडकी.

आजोबांनी निकाल समजावून दिला. "एकदां हय म्हटल्या उपरांत फाटीं सरप ना, अशें देवान सांगलां." सगळ्यांनी माना डोलावल्या. त्या दिवसापासून अख्खा वाडा मशीनपुढे रांगेने येऊ लागला. ज्यांना यायचं नव्हतं तेही आले.

जोडीदाराचा चेहरा उतरला. कारण नीतिसमितीच्या नियमांत तेच कलम सगळ्यात पवित्र. माघारीची मुभा नसेल तर संमती संमतीच नव्हे, आणि काढलेले सगळे कार्डिओग्राम रद्दीत. म्हणजे जागा गेली, आणि म्हापशाचं स्टूल पक्कं.

मग तिने जे केलं तसं काम कुठल्या संशोधकाने केलं असेल असं मला वाटत नाही. ती घरोघर फिरून लोकांना नकार द्या म्हणून विनवू लागली. "काकी, नको असेल तर नको म्हणा हं. कोणी काही बोलणार नाही."

"म्हजें काळीज इतकें वायट आसा?" काकी घाबरून विचारायची.

"तसं नाही. पण तुम्हाला हक्क आहे."

"हक्क तुजेकडेच दवर. वायरी लाय."

शेवटी एका घरी आतल्या खोलीत ती एका मावशीला वायरी लावत होती आणि मी बाहेर सोप्यावर होतो. रस्त्यावर मासे विकणाऱ्या नुस्तेंवाल्याच्या स्कूटरचा भोंगा वाजला. आतून मावशींचा आवाज आला, "राव गे बाय, बांगडे आयले!" आणि मावशी मनगटांवरचे चिमटे काढून, छातीवरच्या चिकटपट्ट्या तशाच ठेवून, पदर सावरत माझ्या अंगावरून रस्त्यावर गेल्या. पाठोपाठ जोडीदार धावत आली. मला वाटलं त्यांना परत आणायला. ती उंबऱ्यावरच हसत थांबली.

"गेल्या!" ती म्हणाली. "कारण न देता!"

"बांगडे आले असं म्हणाल्या ना?"

"ते कारण मला दिलं नाही. मला नुसतं थांब म्हणाल्या, बांगड्यांचं स्वतःशी."

शेजारच्या सोप्यावरून आजोबांनी सगळं पाहिलं होतं. मी भीतभीत विचारलं, देवाचा शब्द मोडला का? "नुस्तें घेवंक गेली ती माघार कशी?" ते म्हणाले. मावशी भावावरून यथेच्छ भांडल्या, बांगडे आत ठेवून, हात धुऊन आल्या, आणि पुन्हा आडव्या झाल्या.

नीतिसमितीपुढे जोडीदाराने सगळं जसंच्या तसं सांगितलं, अध्यक्ष कोण तेही. गाडी रद्द करा असं संचालकांनी हळूच कोणाला तरी सांगितलं. मग मावशींवर चर्चा झाली. एक सदस्य म्हणाले, ही माघार नव्हे, तात्पुरती अनुपस्थिती आहे. दुसरे, हे पणजीचेच, म्हणाले की बांगड्यासाठी उठणं ही पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाशिवाय केलेली कृती आहे, आणि तिला कोणी अडवलं नाही हेच सिद्ध करायचं होतं. भाव काय होता हेही त्यांनी विचारलं. देवाने एका सकाळी सगळी कलमं उरकली होती. समितीचं उत्तर यायला त्याहून पुष्कळ जास्त वेळ लागला.

उत्तर आलं ते असं की काम ग्राह्य, जागा तिची. पण काम उंदरांवरचं.

मी त्या दिवशी तिला पोचवायला पेडण्याला गेलो होतो, म्हणून वडिलांशी झालेलं बोलणं मी ऐकलं. ते ट्रकखालून बाहेर आले, हात पुसले.

"वर्सभर उंदराचें काळीज पळोवपाचें?"

"होय."

"केदें आसता?"

तिने बोटाने दाखवलं. काजूच्या गरापेक्षाही लहान.

त्यांनी वाकून त्या बोटाकडे पाहिलं. "इतकें ल्हान? मागीर वर्सांत जातलें," ते म्हणाले, आणि यंदा स्टूल नको असं मामाला फोनवर सांगायला घरात गेले.