एका कढईचं घर

"टाकायचं, झाकायचं, इसरायचं," असं म्हणत ती कढईवर झाकण ठेवायची आणि झाकणावर वरवंटा. मग ओट्याला टेकून उभी राहायची आणि अजिबात विसरायची नाही. दर दोन मिनिटांनी नाक पुढे करून वास घ्यायची.

ती माझी घरमालकीण. शिवाय उरवड्याच्या कारखान्यात पॅकिंगला आम्ही दोघी एकाच टेबलावर. घरमालकीण शेजारी काम करत असली की दांडी मारायची सोय राहत नाही, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

दुपारी पाळी सुटली की घरी येऊन ती बिडाची मोठी कढई चढवायची. तेल, बटाटे, कांदे, सालीसकट लसूण, ठेचा चोळलेलं चिकन. वार असला तर चिकनऐवजी वांगी. पाण्याचा थेंब नाही. मंद आचेवर सगळं खरपूस भाजून निघायचं. आठ माणसांचं जेवण एका भांड्यात. किती सोपं, असं मी म्हणायचे.

"सोपं हाय म्हणून न्हाई करत गं," ती म्हणायची.

कारण मला उशिरा कळलं. धरणाकडचा जमिनीचा तुकडा विकल्यापासून तिचा नवरा आणि धाकटा दीर एकमेकांशी बोलत नव्हते. जाऊ वेगळी चूल मांडायची म्हणत होती. म्हणून ही कढई तशीच उचलून खाली मधोमध ठेवायची आणि कुणाला वाढायची नाही. "हातानं घ्या. मी दमले." दोघे भाऊ समोरासमोर बसून मुकाट्यानं त्याच कढईतून घ्यायचे.

मी शहाणी. दिवाळीला तिला एक नवी नॉनस्टिक कढई नेऊन दिली. तिचा चेहराच उतरला. "ही माघारी ने बाई. जावंनं बघितली तर म्हनंल, आता भांडं बी हाय. तुज्या खोलीत ठिव." मला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

एकदा मात्र ती कामावर आली ती हसतच. आदल्या संध्याकाळी तळाची खरपुडी दिरानं उलथण्यानं खरवडली आणि न बोलता भावाच्या ताटात सरकवली. "सरकावली गं त्यानं! आता बोलत्याल बघ." दिवसभरात तिनं मला हे पाच वेळा सांगितलं. मी पाचही वेळा ऐकलं. मला ती फार आवडायची.

पावसाळ्यात ती तापानं फणफणली आणि चौथ्या दिवशी गेली. त्या घरचा कडू घास मीच नेला, पिठलं-भाकरी. दोघे भाऊ दोन भिंतींना टेकून बसले होते. पुढचे दिवस शेजाऱ्यांचे डबे येत राहिले. तेराव्याचं गोड जेवणही झालं.

चौदाव्या दिवशी सकाळी मी कामावर निघाले, तेव्हा दोघे अंगणात उभे होते.

"दादा," धाकटा हळू आवाजात म्हणाला, "शेगडी तुमी ठिवा. आमी नवी आणतो."

"बरं," थोरला म्हणाला. "कढई तू ने. तुला आवडती."

दोन वर्षांत पहिल्यांदा ते बोलत होते, आणि किती नीट बोलत होते. मला रडू यायला हवं होतं. आलं नाही. पाळीची वेळ झाली होती, मी फाटक लावून घेतलं आणि निघाले.