टेकडीवरची पोच

मुलांनो, माझी नेमणूक निजामाच्या फौजेत, एका पायदळ पलटणीच्या दवाखान्यात, नर्स म्हणून झाली होती. बंदूक मी कधी हातात धरली नाही. पण हजेरीपटावर माझं नाव होतं, पहाटेच्या बिगुलाला मी उठत असे आणि हुकूम पाळत असे. तेव्हा ही एका शिपायाचीच हकिकत समजा.

त्या हिवाळ्यात आमची कंपनी बीडहून कूच करून नेकनूरच्या अलीकडे माळावर उतरली. काही दिवसांत तंबूंमध्ये उंदीर मरून पडू लागले. मग दोन शिपायांच्या काखेत गाठी आल्या. प्लेग. कॅप्टन डॉक्टर बीडला होते. त्यांचा हुकूम आला: छावणीभोवती दोर बांधा. आतला बाहेर जाणार नाही. बाहेरचा आत आला, तर तोही आतलाच.

बाहेरच्या जगाशी आमचं बोलणं उरलं ते हेलिओवर. तिपाईवर वाटोळा आरसा, खाली चावी. चावी दाबली की उन्हाचा कवडसा समोरच्या टेकडीवर जातो. लांब आणि आखूड चमक मिळून अक्षर होतं. अक्षरं इंग्रजी, भाषा आपली. एक नियम नीट लक्षात ठेवा. प्रत्येक शब्द मिळाला की समोरच्याने एक चमक परत द्यायची. तिला पोच म्हणत. पोच आली नाही, तर तोच शब्द पुन्हा पाठवायचा. पोच येईपर्यंत.

टेकडीवर नाईक दादाराव होता. छावणीतल्या आरशावर शिपाई माणिक. माणिक मेंढपाळाच्या घरचा, धर्मापुरीकडचा. कंटाळा घालवायला त्याने मला चावी शिकवली.

"सिस्टरबाई, तुमचा आरसा लई लाजतोय. जरा जोरात हाना."

मी हाणला. टेकडीवरून उत्तर आलं: आज आरशावर कोंबडी बसवली काय?

माणिक हसून खाली बसला. दुसऱ्या दिवशी त्याला ताप भरला. आरसा माझ्याकडे आला.

तापात माणसाची शुद्ध कशी जाते, हे मी पुष्कळदा पाहिलं होतं. एकदम जात नाही. विहिरीत सोडलेल्या घागरीसारखी खाली जाते, वर येते, पुन्हा जाते. वर आला की माणिक पाणी मागे, आरशाची चौकशी करी. खाली गेला की त्याचं उजवं बोट खाटेच्या लाकडावर वाजू लागे. आधी मला ते थरथरणं वाटलं. मग मी कान दिला. लांब आणि आखूड. तो एकच शब्द पाठवत होता: ये. पोच मिळत नव्हती, म्हणून पुन्हा: ये.

त्याच सकाळी टेकडीवरून निरोप आला. माणिकची बायको बायजा साथीचं ऐकून मेंढरं घेऊन टेकडीपर्यंत आली आहे. छावणीत येऊ का विचारते.

मी माणिकच्या तंबूत गेले. तेव्हा तो वर होता. डोळे स्वच्छ.

"बायजा आलीय. येऊ का विचारतेय."

त्याने तंबूच्या कापडाकडे तोंड वळवलं. "येऊ नको म्हनावं. हितं काय जत्रा हाय का?"

एवढं बोलून त्याने डोळे मिटले. बोट पुन्हा वाजू लागलं. ये. ये.

छावणीचा ताबा सुभेदारांकडे होता. मी त्यांना दोन्ही सांगितलं. काय पाठवू?

"होश में बोल्या सो भेजो, सिस्टर. बुखार में बोल्या सो नक्को."

नियम बरोबर होता. मी पाठवलं: येऊ नको. दोन्ही शब्दांची पोच आली. थोड्या वेळाने टेकडी पुन्हा चमकली.

विचारते, शुद्धीवर बोलला का?

मी कळवलं: होय.

म्हणते, मग खोटं. निघाली.

माझ्या इंग्रजी पुस्तकांत माणसाच्या खऱ्या मनाबद्दल बरंच लिहिलेलं होतं. विचार करतो तो माणूस खरा, बाकी सगळा शरीराचा गोंधळ, असं मी शिकले होते. बायजाने ते दोन शब्दांत उलटं केलं. शुद्धीवरचा माणिक तिला जपत होता, म्हणून तिला दूर लोटत होता. लोटणारा आणि बोलावणारा, दोघांनाही ती ओळखत होती. बोटाचं तिला कुणीही सांगितलेलं नव्हतं.

दुपारी ती दोराशी आली. पिवळ्या फुलांच्या तरवडाच्या झुडपांतून चालत, पदर खोचून. सुभेदार स्वतः आडवे आले आणि तिच्याच बोलीत म्हणाले,

"बाई, आत आलीस तर डाक्टरच्या हुकुमाबिगर बाहेर न्हाई."

"माजी मेंढरं भाईर मोकळी हायेत ना? मग झालं."

"कोन बघतंय त्यांना?"

"तुमचा त्यो नाईक. नुस्ता खुट्यावानी हुबा ऱ्हातो. म्हनलं, वळ मेंढरं."

ती वाकून दोराखालून आत आली. आम्ही सगळे त्या दोराच्या आत, बाहेर पडायची वाट बघत बसलो होतो. स्वतःच्या मर्जीने आत आलेली ती एकटीच. मोकळं कुणाला म्हणायचं, हे त्यानंतर मी दोराकडे बघून ठरवलं नाही.

ती माणिकच्या खाटेशी बसली. तो खाली होता, खोल. तिने त्याचं वाजणारं बोट मुठीत धरलं. ते थांबलं. पुन्हा वाजलं नाही. दुसऱ्या दिवशी ऊन चढायच्या आत तो गेला. तिला त्याने पाहिलं की नाही, मला माहीत नाही.

बायजा नियमाप्रमाणे राहिली. माझ्याबरोबर घोंगड्या उकळायची, पाणी वाहायची. दादाराव रोज सकाळी मेंढरांची खबर देई. मेंढरं बरी. काळी व्याली. कोकरू उड्या मारतं. मी एकेक शब्द मोठ्याने वाचायची, पोच द्यायची.

"त्येला इचारा, काळीचं दूध कोकराला पाजतो का सोताच पितो?"

मी विचारलं. उत्तर आलं: अर्धं अर्धं. ती आल्यापासून पहिल्यांदा हसली.

मग एके दिवशी घोंगडी उचलताना तिचा हात वर जाईना. मला दाखवायच्या आधी तिने स्वतःच काख चाचपली. "आली वाटतं," एवढंच म्हणाली, आणि हातातली घोंगडी नीट घडी करून ठेवली.

ती गेली त्या सकाळी आभाळ निरभ्र होतं. माळावर तित्तर ओरडत होते. तिच्या देहावर पडणारं आणि निरोप वाहणारं ऊन एकच. आपण काय वाहतो आहोत हे त्याला कळत नाही. मी आरशापाशी पोचायच्या आधीच टेकडी चमकू लागली. कोकराला शिंगं फुटू लागली. बायजाला सांगा.

मी प्रत्येक शब्दाची पोच दिली. मग चावी दाबली.

बायजा.

पोच आली.

गेली.

पोच आली नाही. मी पुन्हा पाठवलं: गेली. टेकडीवर तिपाई दिसत होती, तिच्यामागे माणूसही उभा दिसत होता. ऊन त्याच्या आरशावर पुरेसं होतं. मी पुन्हा पाठवलं. सूर्य सरकला तसा आरसा वळवून घेतला आणि पुन्हा पाठवलं. सावल्या लांबल्या, तोवर पाठवत राहिले.

साथ ओसरल्यावर दोर सोडला. दादाराव मेंढरं घेऊन धर्मापुरीकडे गेला आणि पलटणीत परतला नाही. पलटणीच्या स्मारकाच्या दगडावर माणिकचं नाव कोरलं आहे. बायजा हजेरीपटावर नव्हती, म्हणून तिचं नाही. तिचं नाव इथे लिहिते.

तिच्याबद्दलचा माझा शेवटचा शब्द नियमाप्रमाणे अजून पोचलेला नाही.