दिग्रसच्या ड्रायव्हरचे रोडगे

पासष्ट साली, लढाईच्या दिवसांत, आम्हा सहा होमगार्ड बायांची पोस्टिंग पांढरकवड्याजवळच्या मोठ्या रस्त्यावर होती. हैदराबादकडून नागपूरला जाणारे लष्करी कॉन्व्हॉय तिथं कडुनिंबाखाली अर्धा तास थांबत. आमचं काम चहापाणी आणि प्रथमोपचार. बंदुका नव्हत्या, किटल्या होत्या. हसू येतं न? पण ड्यूटी ती ड्यूटी.

ऑर्डर साफ होती. ड्रायव्हरला चहा आणि मूठभर फुटाणे, पोटभर जेवण नाही. भरल्या पोटी स्टिअरिंगवर डोळा लागतो. उतरल्याबरोबर तोंडावर पाणी मारायचं, ट्रकभोवती फिरायचं. चालत्या गाडीत को-ड्रायव्हरनं त्याला सारखं बोलतं ठेवायचं.

त्या दिवशी कॉन्व्हॉय बाराला आला. गावातल्या काशीमावशींनी सकाळपासून गोवऱ्यांवर कणकेचे जाड रोडगे भाजले होते. सोबत वांग्याची भाजी आणि तुपाचा गडू.

कॉन्व्हॉयबरोबरचे हवालदार म्हणाले, "माताजी, ड्रायव्हर लोग नहीं खाएँगे. ऑर्डर है."

मावशी माझ्याकडे वळल्या. "लढाईवर चाल्ले लेकरं, अन् मी नुसता चहा पाजून धाडू? तू सांग न त्याले."

"मावशी, ऑर्डर हाये."

"तुह्या ऑर्डरले भूक लागत नाही का?"

मागं कोणी तरी हसलं. तिसऱ्या ट्रकचा ड्रायव्हर, लान्सनायक गफूर. "मावशी, मले तुपाचा वासच पुरे. नाई तं गाडी तुमीच चालवा."

मावशींनी त्याची बोली ऐकली. "कोनत्या गावचा रे तू?"

"दिग्रसचा."

झालं. "आपलाच हायेस, अन् माह्या हातचं नाही म्हनून राह्यला?" हात धरून त्याला पानावर बसवलं. बाकीचे ड्रायव्हर दूरदूरचे, त्यांचं नाही म्हणणं चाललं. घरच्याचं कसं चालावं? हवालदारांनी मान दुसरीकडे वळवली. गफूरनं तीन रोडगे खाल्ले.

साडेबाराला कॉन्व्हॉय निघाला. तासाभरात कॉन्व्हॉयचा मोटारसायकलवरचा डिस्पॅच रायडर परत आला.

"एक ट्रक पुलाखाली. फर्स्ट एड."

मी जीपमधून गेले. रस्ता सरळ होता. डांबरावर ब्रेकची खूण नव्हती. गफूर जागीच गेला होता. को-ड्रायव्हर रामुलूचा हात मोडला होता. मी त्याला फळी बांधत होते, तेव्हा हवालदारांनी विचारलं, "बात कर रहे थे कि नहीं?"

"कर रहे थे साब. वो अम्मी के हाथ के खाने की बात कर रहा था. फिर चुप हो गया. मुझे लगा, घर याद आया है. तो मैं भी चुप रहा."



तीन दिवसांनी पुढचा कॉन्व्हॉय आला. मावशी आल्या. या वेळी रोडगे फडक्यात बांधलेले. गाठोडं त्यांनी त्या कॉन्व्हॉयच्या हवालदारांच्या हाती दिलं. "मुक्कामाले पोचल्यावर द्या त्याइले." मग ट्रकांजवळून हळूहळू चालत गेल्या, एकेका ड्रायव्हरच्या पाठीवरून हात फिरवत. गाव मात्र त्यांनी एकालाही विचारलं नाही.

मावशी आता नाहीत. रामुलूचं पुढं काय झालं, ठाऊक नाही. म्हणून मीच लिहून ठेवते: लान्सनायक गफूर, ड्रायव्हर, गाव दिग्रस.