गालाला लावलेलं लाकूड

सुकाणूचं लाकूड मेस्त्रींनी घडवलं होतं. ते ओलं असताना त्यावर कार्बनचं कापड चढवलं ते मी, आणि सुकाणू मोडल्यावर बोट मात्र मेस्त्रींकडे दाखवलं. एवढं सांगायला मला सहा वर्षं लागली.

मी शर्यतीच्या शिडाच्या होड्या बांधतो आणि दुरुस्त करतो. यॉट म्हटलं की लोकांना मजल्यामजल्यांची, पार्टीची बोट आठवते. आमच्या होडीत धड बसायलाही जागा नसते. तिचं वजन किलोभर कमी व्हावं म्हणून आम्ही आठवडा आठवडा पॉलिशपेपर घासतो. मी वाढलो मुंबईत, नाहूरला. तिथे पाणी म्हणजे गच्चीवरची टाकी. बाबा ऑफिसात मोठ्या हुद्द्यावर होते. मी काय करतो असं कुणी विचारलं की ते घाईघाईने ‘फायबरचं काम’ म्हणायचे. त्यामुळे निम्म्या नातेवाइकांची समजूत अशी की मी टाक्या बनवतो. एका मावशीने तर घराचं बांधकाम निघाल्यावर मला माप घ्यायला बोलावलं होतं. मी गेलो, जेवलो, आणि कुठल्या दुकानातून टाकी घ्यायची ते सांगून आलो.

या धंद्यातला आनंद शब्दांत पकडायला अवघड आहे. महिनाभर घासलेल्या होडीवरून डोळे मिटून तळहात फिरवावा आणि तो कुठेच अडखळू नये. ती होडी खाडीबाहेर पडावी, शीड भरावं, नाक उचलून ती पाण्याला जेमतेम शिवत सुटावी. किनाऱ्यावर उभा राहून मी आजही एकटाच हसतो.

मार्वेच्या खाडीकाठी होड्या बांधायच्या शेडमध्ये मी लागलो तेव्हा मेस्त्री तिथले सगळ्यात जुने. खाडीपलीकडच्या मनोरीचे. मासेमारीच्या लाकडी होड्या बांधता बांधता आमच्याकडे आलेले. रोज सकाळी फेरीबोटीने यायचे, रंधा पिशवीत. राळेत भिजवून लाकडावर चढवलं की कवचासारखं कडक होणारं कार्बनचं काळं कापड पहिल्यांदा पाहिलं तेव्हा म्हणाले होते, पँट शिवायला बरं आहे. पण सुकाणूच्या आत जे हलकं लाकूड असतं, त्याला आकार द्यावा तो त्यांनीच. लाकूड सुकलं की नाही हे ते गालाला लावून बघायचे. डोळे मिटून, लहान मूल जवळ घ्यावं तसं. गालाला गार लागलं तर ओल आहे. मी ओल मोजायचा मीटर लावून तपासायचो आणि दर वेळी मीटर त्यांच्याच बाजूने बोलायचा. मीटर शिकतोय हळूहळू, असं ते म्हणायचे.

शेडमध्ये एक रीत होती. होडी पाण्यात ढकलताना, जिच्या कामाला ज्याचा हात लागला त्या प्रत्येकाने तिला हात लावायचा. रंग मारणाऱ्यापासून शिडं शिवणाऱ्या बाईंपर्यंत सगळे रांगेत, आणि सगळ्यात पुढे मेस्त्री. ते ‘हां’ म्हणाले की होडी हलायची.

आमच्याकडे दुरुस्तीची कामं पावसाळ्यात, कारण शर्यती पाऊस संपल्यावर. म्हणजे नेमकं हवेत पाणी असताना आम्हाला कोरडं लाकूड हवं. त्या वर्षी एका मालकाच्या होडीला नवं सुकाणू करायचं होतं. मेस्त्रींनी लाकूड घडवलं, गालाला लावलं आणि म्हणाले, “गार आहे रे अजून. मी लग्न आटपून येतो, मग चढव.” चार दिवस ते भाचीच्या लग्नाला गेले. मालकाचा रोज फोन. मी दुसऱ्या दिवशीच मीटर लावला. आकडा वाईट होता. मीटर खणात ठेवला आणि कापड चढवलं. मेस्त्री परतले तेव्हा सुकाणू आरशासारखं चमकत होतं. लाकूड नीट सुकलं होतं ना, असं त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो.

मोसमातल्या दुसऱ्याच शर्यतीत, होडी सगळ्यांच्या पुढे असताना, सुकाणू मोडलं. कुणाला लागलं नाही. होडी दोर बांधून ओढत आणली. शेडमध्ये तुटका तुकडा उघडला तर कार्बनचं कवच केळीच्या सालीसारखं सुटून आलं, आत लाकूड काळपट ओलं. कशामुळे झालं, असं मालकाने सगळ्यांसमोर विचारलं. मी म्हणालो, “लाकूड ओलं निघालं. लाकडाचं काम मेस्त्रींचं.”

मेस्त्री तिथेच उभे होते. त्यांनी तो तुकडा उचलून गालाला लावला, खाली ठेवला, रंधा पिशवीत घातला आणि फेरीबोट पकडली. ते पुन्हा आले नाहीत. पुढे शेडमध्ये लाकूड कधी बिघडलं की कुणीतरी ‘मेस्त्रींचं लाकूड’ म्हणून हसायचं. मी हसायचो नाही, पण गप्प बसायचो.

नंतरची वर्षं वाईट गेली असं म्हणणं खोटं ठरेल. कामं वाढली, आमच्या होड्या जिंकू लागल्या, मी मजेत होतो. फक्त होडी ढकलायच्या वेळी मी रांगेत शेवटी उभा राहायचो. ‘हां’ कोण म्हणणार यावर दर वेळी गोंधळ व्हायचा आणि होडी वाकडी हलायची.

यंदा बोरिवलीत बायकोबरोबर जेवणाचं टेबल बघायला गेलो होतो. दुकानदार पॉलिशचं कौतुक सांगत होता आणि मी वाकून टेबलाला गाल लावून उभा. बायको म्हणाली, “पापी घेऊन झाली असेल तर किंमत विचारू का?” आम्ही दोघं एवढे हसलो की बाहेर यावं लागलं. फुटपाथवर उसाचा रस पिताना तिने विचारलं, ही सवय कुठली? मी सगळं सांगितलं. तिने ग्लास संपवला. म्हणाली, “टेबल नंतर. आधी मनोरीला जा.”

गेलो. मेस्त्री ओटीवर खेळण्याएवढी होडी तासत बसले होते. केस पार पांढरे, हात तसाच. मला बघून त्यांनी आत आवाज देऊन चहा सांगितला. मी बोलायला सुरुवात केली तशी त्यांनी रंधा थांबवला.

“मला माहीत आहे ते. तुकडा गालाला लावला तेव्हाच कळलं. तू बोलशील म्हणून फेरीबोटीवर मी मागे बघत होतो.”

मी माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणाले, “इथे नको. माझं लाकूड ओलं होतं असं या गावात कोण म्हणतो? जिथे म्हणालास तिथे म्हण.”

मग त्यांनी सुकाणूंना हल्ली काय लाकूड वापरतो ते विचारलं, आणि मी सांगितल्यावर तासभर नावं ठेवली. त्या दिवसाइतका चांगला चहा मी बऱ्याच वर्षांत प्यायलो नव्हतो.

गेल्या रविवारी आमची नवी होडी पाण्यात जायची होती. सुकाणू मोडलेल्या होडीच्या त्या जुन्या मालकालाही मी बोलावलं. मेस्त्री सकाळच्या फेरीबोटीने आले, इस्त्रीचा सदरा घालून. सगळे रांगेत उभे राहिले. त्यांनी होडीला हात लावला नाही. या होडीला माझा हात कुठे लागलाय, म्हणाले. मी आतून तिचं सुकाणू आणलं. ते मुद्दाम अजून बसवलं नव्हतं. आतलं लाकूड त्यांच्या ओटीवरच पंधरा दिवस सुकलं होतं, आणि त्यांनी रोज गाल लावून शेवटी पास केलं होतं; कुठल्या होडीसाठी ते मात्र मी सांगितलं नव्हतं. मी ते त्यांच्या हातात दिलं. ते हसले. मग मी मालकाकडे आणि रांगेकडे वळलो.

“सहा वर्षांपूर्वी सुकाणू मोडलं ते मेस्त्रींच्या लाकडामुळे नाही. त्यांनी थांबायला सांगितलं होतं, मीटरही सांगत होता. मी थांबलो नाही, त्यांना खोटं सांगितलं आणि तुम्ही विचारलंत तेव्हा त्यांचं नाव घेतलं. मेस्त्री, माझं चुकलं. मला माफ करा, आणि पुढे उभे राहा.”