चांगदेवनानांच्या ढोलातले पाच दाणे

कोन गावच्या चांगदेवनानांच्या घरातून उपाशी ढोल कधी बाहेर पडला नाही. ढोलाचं एक तोंड मढवून झालं की नाना तो ओटीवर उभा करत आणि आत हाक मारत, "कमळे, याचं जेवाण आण गं." कमळाकाकू कणगीतले भाताचे पाच दाणे मुठीत घेऊन येत आणि ढोलात सोडत. मगच दुसरं कातडं चढायचं. दाणे घरच्याच माणसाने टाकायचे, एवढाच नियम होता. ढोल वाजला की दाणे आत उड्या घेत आणि थापेच्या मागून बारीक 'चर्र' असा आवाज येई. वरातीत नाचणाऱ्याला तो ऐकू येत नसे. वाजवणाऱ्याला मात्र येई, आणि एकदा सवय झाली की दुसऱ्या ढोलावर त्याचा हात बसत नसे.

नानांचे वडील खाडीत चालणाऱ्या होड्या बांधायचे. लाकडी होड्यांचे दिवस सरले तेव्हा नानांनी फळ्या सांधायची तीच रीत ढोलाला लावली. शिवणीच्या लाकडाच्या वीस पट्ट्या उभ्या जोडून एक ढोल. वीस पट्ट्यांचं वर्तुळ पुरं व्हायला प्रत्येक कड नऊ अंश तिरकी तासावी लागते. नाना चौथी शिकलेले, त्यांना अंश माहीत नव्हते. ते पट्टीच्या कडेवरून अंगठ्याचं नख फिरवत. नख कुठे अडलं तर पुन्हा रंधा. "सांधीत दाणा शिरला तर होडी बुडंल," असं वडील म्हणायचे. तेच नाना ढोलाबद्दल म्हणत.

पाच ढोलांचा एक सेट व्हायला चार-पाच महिने लागत. तरी उरण, पनवेल, वसईच्या, वरातीत वाजवणाऱ्या बेंजो पार्ट्यांचे वादक येत आणि थांबत. मुंबईत प्लायवूडचा सेट त्याच दिवशी मिळायचा, पण नानांच्या ओटीवर बसून, ढोलाला कान लावून, डोळे मिटून एक थाप मारली की माणूस बाकी सगळं विसरे. वसईचा रघू तर ढोल टेम्पोत ड्रायव्हरशेजारच्या सीटवर बसवायचा आणि आपण मागे हौद्यात उभा राहायचा. कमळाकाकू हसत विचारत, "रघू, बायकोला पन असाच पुढं बसवतोस का रं?"

"बायको दुसरी भेटंल, काकू. ह्यो न्हाय भेटायचा."

या सगळ्यांत नानांचा जीव होता दीपेशवर. दीपेश कशेळीचा, पंचविशीतला, हातची थाप फार गोड. तो आला की काकू त्याच्यासाठी सुकटीची चटणी करत. दोन हजार पाचच्या पावसाळ्यात त्याने स्वतःचा सेट करायला सांगितला. "दिवाळीनंतर माझी पार्टी चालू करतोय, नाना. पहिला सेट तुमच्या हातचा पायजे."

सेटमधला मोठा ढोल सगळ्यांत आधी तयार झाला. काकू दाणे घेऊन आल्या तेव्हा दीपेश ओटीवरच होता.

"काकू, मी टाकू?"

आजवर हे कुणी विचारलं नव्हतं. काकूंनी नानांकडे पाहिलं.

"टाक," नाना म्हणाले. "घरचाच हायस तू."

दिवाळीनंतर पाचही ढोल तयार झाले. दीपेश आला तो माईक, वायरी आणि एका मित्राचा लॅपटॉप घेऊन. "कातडं कवातरी फाटणार, नाना. आवाज तरी जपून ठेवू. आठवण म्हणून." नानांना ते फार आवडलं. दिवसभर ते त्याच्यासोबत राबले. कातडी उन्हात शेकली, एकेक बोल्ट पाव-पाव फेरा आवळला. थाप मधोमध नको, काठापासून चार बोटं आत मार, हेही सांगितलं. ढोल वाजवणाऱ्या आपल्या जावयालाही त्यांनी कधी एवढं उकलून सांगितलं नव्हतं. शेजारच्या कोंबड्या ओरडल्या तर नाना स्वतः धावत जाऊन त्यांना हाकलून आले.

"मंगळवारी टेम्पो आणतो," म्हणून दीपेश गेला.

मंगळवारी तो आला नाही. काकूंनी सेटवर जुनं लुगडं घातलं. लग्नं सुरू झाली. "पार्टीच्या मागं असंल," नाना म्हणायचे. मग, "आजारी असंल." मग काही म्हणेनासे झाले. नवल म्हणजे बाकीचे वादकही येईनात. रघू एकदा येऊन गेला, चहा प्यायला, काहीतरी बोलायचं होतं ते न बोलताच उठला.

वैशाखात मानकोलीला भाचीच्या लग्नाला नाना गेले. दुपारी चारची वरात. मांडवात बसल्या बसल्या त्यांनी कान टवकारले. लांबून ढोल येत होता. मोठा ढोल, आणि थापेमागे 'चर्र'. नाना ताडकन उठले. त्यांचाच ढोल. दीपेशचा. पण तो तर घरी लुगड्याखाली होता!

वरात जवळ आली. टेम्पोवर माणसाएवढे स्पीकर, आणि पुढे एक वादक ताटाएवढ्या रबरी पॅडवर काठ्या मारत होता. काठी पडली की थाप स्पीकरातून येई; ढोल कुठेच नव्हता.

"बाबा रे, ह्यो आवाज कुठला?" टेम्पो थांबल्यावर नानांनी विचारलं.

"कशेळीच्या दीपेशभाऊचा, काका. त्याला 'कोन टोन' बोलतात. पन्नासेक पार्ट्यांनी ह्या आवाजाचं कार्ड घेतलंय त्याच्याकडून. एकदम ओरिजिनल हाय ना?"

"हाय," नाना म्हणाले.

जेवण न करताच ते घरी आले. काकूंना त्यांनी एवढंच सांगितलं, "आपला ढोल मानकोलीत वाजतोय." काकूंनी आधी लुगडं उचलून पाहिलं.

तिसऱ्या दिवशी दीपेश स्वतःच आला. हातात मिठाईचा पुडा, खांद्याला तीच माईकची पिशवी. चेहऱ्यावर अपराध नव्हता, उलट आनंद होता, आणि नानांना तेच जास्त लागलं.

"नाना, ऐकलात म्हणे! कोनपासून वसईपर्यंत तुमचाच ढोल वाजतोय. रघूदादा पाच-पाच महिने थांबायचा, आता पोरांना ढोलाचा आवाज त्याच दिवशी भेटतो."

"माझं नाव सांगतोस?"

"आवाजावर नाव कुठं लिवणार, नाना?" तो हसला.

"आठवण म्हणून घेतला व्हतास."

"आठवणच की. जास्त लोकांना झाली, एवढंच." त्याने पिशवी उघडली. "एक काम व्हतं. ती मागची चर्र हाय ना, ती स्पीकरात मोठी ऐकू येते, लोकांना खराबी वाटते. ठाण्यातला एक जण साफ करून देतो, पन नीट निघत न्हाय. तर तुम्ही दाणे न टाकता एक मोठा ढोल..."

"खराबी?" दारातून काकू म्हणाल्या. "ते दाणे तू टाकलेस रं."

दीपेश उघडी पिशवी मिटू लागला.

नाना उठले. मोठ्या ढोलावरचं लुगडं त्यांनी बाजूला केलं, पाना घेतला आणि एकेक बोल्ट सैल करू लागले. आवळताना जसा पाव-पाव फेरा, तसाच सोडताना. कातडं निघालं. त्यांनी ढोल तिरका केला.

"हात पुढं कर."

दीपेशने हात पुढे केला. दाणे त्याच्या तळहातावर पडले.

"घरच्यानंच टाकायचे असतात," नाना म्हणाले. "म्हनून हे घेऊन जा. सेट हितंच राहील."

"नाना, असं काय करता..."

"जा."

दीपेशला दाणे खिशात घालता येईनात आणि टाकताही येईनात. मूठ तशीच धरून तो अंगणाच्या टोकापर्यंत गेला, थांबला, मूठ उघडून पाहिली. "नाना, चारच हायत," तो तिथूनच म्हणाला. मग मूठ पुन्हा मिटून निघून गेला.

नानांनी ढोल पुन्हा तिरका केला, ठोकला. काही पडलं नाही. मग त्यांनी आत हात घालून एकेका सांध्यावरून नख फिरवलं. एका पट्टीपाशी नख अडलं. पाचवा दाणा सांधीत रुतून बसला होता.

त्या पावसाळ्यात लाकूड पुरतं सुकलं नव्हतं. दुसरा कोणी असता तर नानांनी त्याला महिनाभर थांबवलं असतं. दीपेशची पार्टी अडायला नको, म्हणून त्यांनी घाई केली होती, आणि पट्टी मागाहून आकसली होती.

"काय झालं?" काकूंनी विचारलं.

"सांध ऱ्हायली," नाना म्हणाले, आणि दाणा काढायला चाकू मागितला.